बहात्तर सालची बाटली

माझ्या बापाला चौदा माणसांसमोर तोंड उघडायला लावलं, ते जानेवारी एक्याऐंशीत, एका रविवारी, भर दुपारी. ताटं वाढलेली होती. आता पंच्याण्णव साल चालू आहे. माझा राग उतरलेला नाही, आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही. ज्यांना माझं बोलणं तिखट लागेल त्यांनी पाणी प्यावं.

बाबा खानसामा होते. कवडू रामटेके. भंडाऱ्यात वैनगंगेच्या बाजूला एका सरकारी खात्याचा बंगला होता. खात्याचं नाव सांगत नाही, सगळी खाती एकमेकांची मावसभावंडं. आम्ही नदीपलीकडे कारध्याला राहायचो. बाबा रोज सकाळी सायकलने पूल ओलांडून जायचे आणि साहेबलोकांची जेवणं उरकली की परतायचे. मोठं जेवण असलं की माझी आई जनाबाई पोळ्या लाटायला आणि भांडी घासायला जायची. मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. अशा दिवशी आईच्या हाताखाली मीही जायचे.

बाबा दारू पीत नव्हते. हे वाक्य मला इतक्या ठिकाणी, इतक्या लोकांना सांगावं लागलं की आता त्या वाक्याचीच चीड येते. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. पंचशीलातलं शेवटचं शील दारूचं. ते त्यांनी असं धरलं की पुन्हा सोडलं नाही. वस्तीतला कोणी मोहाची दारू सोडतो म्हणाला, तर त्याची बायको त्याला ओढत बाबांकडे आणायची. बाबा त्याला विहारात बसवून शील म्हणायला लावायचे. पौर्णिमेची वंदनाही बाबाच सांगायचे; ते एकेक ओळ म्हणत, लोक मागून म्हणत. कारध्यात आमचं शेत नव्हतं, पक्कं घर नव्हतं. बाबांच्या शब्दाला किंमत होती, तेवढीच आमची इस्टेट.

आणि नोकरी कसली, तर साहेबांच्या बाटल्या उघडायची. लोक थट्टा करायचे, "कवडूजी, इतल्या बाटल्या उघडता, वासानंच चढत असन तुमाले." बाबा हसायचे. कोणाला राग येईल असं ते कधी बोलले नाहीत. तो भाग देवाने, म्हणजे देव असलाच तर, सगळा माझ्या वाट्याला दिला.

ऐंशीच्या पावसाळ्यानंतर एक फ्रेंच इंजिनीअर तीन महिने बंगल्यावर राहायला आला. लुसियाँ त्याचं नाव. आमच्या जिल्ह्यातले जुने तलाव मोजायला आला होता. माणूस साधा. टेबल सोडून स्वयंपाकघरात पाटावर बसायचा आणि बाबांच्या हातचे नदीतले मासे बोटं चाटत खायचा. त्याचं इंग्रजी मोडकं, माझंही मोडकं, त्यामुळे आमचं छान जमायचं. त्याचं बाबांशी बोलणं मीच इकडून तिकडे करायचे.

त्याच्या पेटीत लोकरी मोज्यात गुंडाळलेली एक बाटली होती. लाल वाईनची. एकदा जेवायला बसताना त्याने ती स्वयंपाकघरात आणून आम्हाला दाखवली. बाटलीला चिकटवलेल्या चिठ्ठीवर एका फाटकाचं चित्र, खाली त्याच्या बापाचं नाव, गावाचं नाव आणि साल, १९७२. लुसियाँने सांगितलं की बोर्दो म्हणून त्यांचा मुलूख आहे आणि तिथली लाल वाईन जगभर नावाजलेली आहे. पण हे साल वाईट. उन्हाळा थंड गेला, ऑक्टोबर आला तरी द्राक्षं हिरवी ती हिरवीच. मग ऐन तोडणीत पाऊस. व्यापारी दारात येईनात. शेजाऱ्यांनी माल मातीमोल घालवला. काहींनी दुसरीकडची गोड वाईन मिसळून आपली आंबट वाईन झाकली. त्याच्या बापाने मात्र घडाघडातून सडके मणी हाताने खुडून टाकले आणि उरलं त्याची वाईन केली. मिसळलं काही नाही.

"पातळ आहे, आंबट आहे," लुसियाँ म्हणाला. "चांगली नाही. पण त्या सालात जे पिकलं तेच हिच्यात आहे."

मी बाबांना सांगितलं. बाबांनी बाटली उजेडाला धरली. "बहात्तर? त्या साली करडी गावाले तुह्या मामाकडं धानाची लोंबी आली, पन दाना भरलाच नाही. हातात घेतलं तं नुसतं फोल. तुही माय तेच कांडून कनकी काढे, आन् आपन तेच खाल्लो."

फोल म्हणजे रिकामं टरफल आणि कनकी म्हणजे तांदळाची चुरी, असं समजावत हे मी लुसियाँला सांगितलं. तो उठला आणि माशाने माखलेल्या हाताने त्याने बाबांचा हात धरला. आईने तोंडाला पदर लावून हसू दाबलं.

आता साहेब. बंगला ज्याच्या ताब्यात होता त्या साहेबाला मी 'ते' म्हणणार नाही, निदान कागदावर तरी नाही. त्याने ती बाटली लुसियाँच्या खोलीत पाहिली आणि रोज तिच्यासाठी त्याच्या मागे लागला. फ्रान्सची वाईन आम्ही नुसती ऐकूनच मरायचं का, वगैरे. शेवटी जायच्या दिवशी लुसियाँने व्हरांड्यात ती बाटली त्याच्या हातात दिली. मी तिथेच होते. लुसियाँने स्वच्छ शब्दांत, दोनदा सांगितलं, की हे वाईट साल आहे, वाईन आंबट आहे, माझ्या बापाची आठवण म्हणून प्या.

साहेबाने चिठ्ठी वाचली. "सेव्हन्टी-टू! नऊ वर्षं मुरलेली! मग तर राजाच की!"

आमच्याकडच्या साहेबांना दारूतलं एवढंच कळतं, जितकी जुनी तितकी भारी. लुसियाँचं बोलणं त्याच्या कानात गेलं, आत शिरलं नाही.

बाबांना लुसियाँने एक कागद लिहून दिला. बाटली एक दिवस उभी ठेवायची. जेवणाच्या तीन तास आधी उघडायची, म्हणजे तिला हवा लागेल. मग न हलवता हळूहळू काचेच्या सुरईत ओतायची आणि गाळ दिसला की थांबायचं. खालची दोन बोटं वाईन बाटलीतच राहू द्यायची. शेवटी एक ओळ होती, 'साल वाईट होतं, हिला माफ करा.' मी तो कागद बाबांना चारदा वाचून दाखवला.

पुढच्याच रविवारी साहेबाने नागपूरच्या मोठ्या साहेबांना जेवायला बोलावलं. एकूण चौदा पानं. सकाळी दहा वाजता बाबा बाटली हातात घेऊन उभे राहिले. आमच्या भागात बाटलीचं सील साहेबाच्या डोळ्यांसमोर तोडतात. जिल्ह्यात भेसळ एवढी, की आधी बाटली फिरवून दाखवायची, 'सील पाहून घ्या साहेब' म्हणायचं आणि मगच बूच काढायचं. बाबांनी अकरा वर्षं तसंच केलं होतं.

"सील तं साहेबासमोर तोडा लागते," बाबा म्हणाले. "आन् साहेब तं मोठ्या साहेबाले आनाले गेले."

"बाबा, हे काही देशी आहे का?" मी म्हणाले. "ज्याची वाईन त्यानं लिहून देल्लं ना? मंग तसंच करा."

मी हे म्हणाले. कॉलेजात शिकत होते ना. बाबांनी माझं ऐकलं, कागदात सांगितलं होतं तसं अगदी जपून केलं. ओतताना दोन थेंब त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उडाले, तेवढंच.

मोठे साहेब एके काळी सहा महिने लंडनला राहून आले होते, म्हणून ते वाईनमधले जाणकार. ते टेबलाच्या टोकाला बसले. साहेबाने स्वतःच्या हाताने पेला भरला. "सर, फ्रान्सची. बहात्तरची. खास तुमच्यासाठी राखून ठेवली." मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते.

मोठ्या साहेबांनी घोट घेतला आणि कच्ची चिंच चावल्यासारखं तोंड केलं. "यात पाणी आहे."

मग बाकीच्यांनीही घोट घेतले. त्यातल्या एकानेही जन्मात वाईन चाखली नव्हती, पण सगळ्यांना एकदम कळलं. "हो सर, पाणीच." "अगदी पाणी, सर."

साहेबाचा चेहरा काळा पडला. त्याने बाटली मागवली. बाटली आली, बूच नसलेली, तळाला दोन बोटं गढूळ.

"सील कोणी तोडलं?"

"मी साहेब. दहा वाजता."

"कोणाला विचारून? आणि हे खाली काय आहे? चांगली पिऊन वर पाणी ओतलंस काय रे?"

"नाही साहेब. फ्रेंच साहेबानं सांगतलं होतं..."

"सदऱ्यावर डाग कसले?" साहेब खुर्ची मागे ढकलून उठला. "तोंड उघड. भैय्यालाल, वास घे याचा."

भैय्यालाल बंगल्यावरचा चपराशी. सकाळी मोहाची लावल्याशिवाय तो कामावर येत नसे. त्याला दुसऱ्याच्या तोंडाचा काय वास येणार होता, कपाळ? तो जवळ गेला, खाली मान घालून. बाबांनी तोंड उघडलं. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, दाताच्या डॉक्टरकडे उघडतात तसं.

"नाही येत, साहेब."

"नीट घे."

भैय्यालालने साहेबाकडे पाहिलं, पुन्हा वास घेतला. "थोडासा... येऊन राहिला, साहेब."

टेबलावर कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. बाबांचं तोंड अजून उघडंच होतं. मिटायला कोणी सांगितलं नव्हतं.

मी पिठाच्या हातांनी बाहेर आले. आईने पदर ओढला, तो मी सोडवून घेतला. लुसियाँचा कागद मोठ्या साहेबांसमोर ठेवला आणि इंग्रजीत म्हणाले, "यांना व्हरांड्यात सांगितलं होतं, साल वाईट आहे म्हणून. दोनदा. मी ऐकलं आहे."

"हिला बाहेर काढा," साहेब ओरडला.

मोठ्या साहेबांनी हात वर केला आणि कागद वाचला. मी त्यांच्या चेहऱ्यावरून नजर काढली नाही. शेवटच्या ओळीवर त्यांचे डोळे थांबले. मग त्यांनी बाटलीवरचं साल पाहिलं, पेला उचलून पुन्हा एक छोटा घोट घेतला, जिभेवर फिरवला. त्यांना कळलं. मी आजही कोणत्याही कोर्टात सांगायला तयार आहे, की त्या माणसाला त्या क्षणी सगळं कळलं. पण पाणी आहे असं ते चौदा जणांत बोलून बसले होते. त्यांनी कागदाची घडी केली, खिशात घातली आणि म्हणाले, "चला, जेवण गार होतंय."

त्या संध्याकाळी बाबांना कामावरून बंद केलं. आठ दिवसांनी कागद आला, ड्युटीवर असताना मद्यप्राशन आणि पाहुण्यांच्या मद्यात भेसळ. चौकशी होईल.

कारध्यात बातमी आमच्या आधी पोचली होती. जे लोक वासाने चढण्याची थट्टा करायचे ते आता थट्टा करेनात, आणि ते जास्त लागलं. मग विहाराच्या कमिटीचे दोघेजण घरी आले. त्यातले एक केवळरामकाका, बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त.

"कवडू, आमाले मालूम आहे तू पेत नाही," केवळरामकाका म्हणाले. "पन निकाल लागेपावतर वंदना दुसऱ्यानं सांगू दे. लोकं बोलून राहिले."

बाबांनी 'बरं' म्हणून मान हलवली. आई मात्र भडकली. "मालूम आहे तं काहून आले मंग? लोकं बोलतेत तं त्याइच्या घरी जा ना!" तिने त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

त्या दिवसापासून बाबा विहारात गेले नाहीत. सायकल पुसून ठेवायचे आणि पुन्हा पुसायचे. घरात रिकामा बसलेला बाप मी आधी कधी पाहिला नव्हता. मला ते बघवत नव्हतं आणि मी त्यांच्यावरच चिडायचे, की तुम्ही ओरडत का नाही, काही फेकत का नाही.

त्या दिवशी साहेबाने बाटली उकिरड्यावर टाकायला सांगितलं होतं. आईने ती उचलून आणली होती, धुवून तेलाला होईल म्हणून. चिठ्ठीवर लुसियाँच्या बापाचं नाव आणि गाव होतं. मी डिक्शनरी घेऊन तीन रात्री बसले आणि त्या पत्त्यावर पत्र लिहिलं. मार्चअखेर उत्तर आलं, टाइप केलेलं, खाली लुसियाँची आणि त्याच्या बापाची सही. त्यात लिहिलं होतं की ही वाईन पातळ आणि आंबटच आहे; तुम्हाला ती पातळ आणि आंबट लागली असेल तर त्यात कोणी काही मिसळलेलं नाही; हे मी साहेबांना देतानाच सांगितलं होतं; आणि कवडू यांनी ती जितकी जपून वाढली तितकी माझ्या बापानेही वाढली नसती.

मी ते पत्र बाबांना वाचून दाखवलं. बाबा त्या दिवशी पोटभर जेवले.

एप्रिलमध्ये चौकशी लागली. तक्रार करणारा तोच साहेब आणि चौकशी करणाराही तोच. बाबा पत्र घेऊन आत गेले. मला आत सोडलं नाही. मी बाहेर बाकावर बसले. आमच्याकडे आता पुरावा होता, फ्रान्सवरून आलेला, दोन सह्यांचा. साहेब काय तोंड घेऊन नाही म्हणतो तेच मला बघायचं होतं.

पंधरा मिनिटांत बाबा बाहेर आले. हातात पत्र नव्हतं.

"चाल बाई. झालं. उद्यापासून ड्युटी."

"माफी मागितली त्यानं?"

"मी लिहून देलो." बाबा पायऱ्या उतरायला लागले. "घोटभर चाखलो होतो म्हनून. पुन्हा होनार नाही म्हनून."

भर रस्त्यात, ऑटोरिक्षावाले बघत असताना, मी बापाला वाटेल ते बोलले. तुम्ही भित्रे आहात म्हणाले. तुमच्यासाठी मी तीन रात्री जागले, तुम्ही तीन ओळींत सगळं घालवलं म्हणाले. बाबा सायकल हातात धरून चालत राहिले. पूल ओलांडून घर आलं तरी मी बोलतच होते.

घरी आईने मला आत ओढलं. बाबांनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं म्हणे, की पोरीला कळू द्यायचं नाही. पण माझं तोंड बंद होईना, तेव्हा तिने सांगून टाकलं. चौकशीच्या आदल्या दिवशी साहेबाने भैय्यालालच्या हाती निरोप पाठवला होता. फ्रान्सचं पत्र आलंय हे त्याला कळलं होतं. ते पत्र फायलीला लागलं तर साहेबाने मोठ्या साहेबांना वाईट सालची वाईन खास म्हणून पाजली, हे वर जाणार. तेव्हा कवडूने पत्र आणून द्यावं आणि घोटभर चाखल्याचं लिहून द्यावं, नोकरी परत मिळेल. नाहीतर पोरीने भर जेवणात घुसून सरकारी कामात अडथळा आणला, अशी पोलिसांत तक्रार तयार आहे, खाली चौदा जणांच्या सह्या.

"तुले मास्तरीन व्हाचं आहे ना?" आई म्हणाली. "केस झाली तं कोन नोकरी देईन तुले? त्याच्यासाठी लिहून देल्लं त्यानं. आन् तू त्याले रस्त्यात भित्रा म्हनते? लाज नाही वाटत?"

वाटली. आजही वाटते. पण लाजेपेक्षा संताप मोठा होता. साहेबाला माहीत होतं, मोठ्या साहेबांना माहीत होतं, भैय्यालालला माहीत होतं. खरं माहीत नाही असा एकही माणूस या भानगडीत नव्हता. आणि सही करायला बसवला तो एकच माणूस, ज्याने काही केलं नव्हतं.

पुढची गंमत तर ऐकाच. बाबा कामावर परत गेलेले पाहून कारध्याच्या लोकांनी काय समजावं? की सरकारने परत घेतलं, म्हणजे कवडूजी निर्दोष! केवळरामकाका स्वतः घरी आले, बाबांच्या गळ्यात पडले. बुद्धपौर्णिमेची वंदना तुलाच सांगायची आहे म्हणाले. बाबा नको नको म्हणत होते. लोकांनी ऐकलं नाही.

विहार गच्च भरला होता. बाबा पांढरे कपडे घालून पुढे बसले, केवळरामकाका शेजारी. बाबांनी पहिलं शील सांगितलं, हिंसा करणार नाही, लोकांनी मागून म्हटलं. दुसरं सांगितलं, तिसरं सांगितलं. बायका एकमेकींकडे बघून माना डोलवत होत्या. सगळ्यांचे कान शेवटच्या, दारूच्या शीलाकडे लागले होते. पण त्याच्या आधी चौथं येतं. मी खोटं बोलणार नाही.

बाबा थांबले. हात जोडलेले, डोळे मिटलेले. लोक वाट बघत राहिले. एक लेकरू रडायला लागलं.

"हे तुमी सांगा," बाबा केवळरामकाकांना म्हणाले.

काकांना वाटलं घसा बसला. त्यांनी चौथं सांगितलं, सगळ्यांनी मागून म्हटलं. बाबांचे ओठ मिटलेले होते. मग पाचवं बाबांनी स्वतः सांगितलं, आणि इतक्या मोठ्याने की बाहेर चपला सांभाळत बसलेल्या पोरांनी आत डोकावून पाहिलं. लोक खूश झाले. ऐकलं ना, म्हणाले, कवडूजी तेच आहेत.

तेव्हापासून दर पौर्णिमेला असंच चालतं. चौथं आलं की केवळरामकाका आपोआप सुरू करतात. का, हे आजवर कोणी विचारलेलं नाही. साहेब बढती घेऊन मुंबईला गेला. मी मास्तरीण झाले, मोहाडीच्या शाळेत शिकवते, चारित्र्याचा दाखला स्वच्छ.

मागच्या वर्षी बाबा रिटायर झाले, तेव्हा मी त्यांना म्हणाले, "बाबा, आता तरी म्हना चौथं. ते खोटं तुमचं नव्हतं. त्यानं लिहून घेतलं, माह्यासाठी तुमी देल्लं. त्याचं पाप त्याच्या डोक्यावर."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, राग त्यांना येतच नाही, तेच माझं दुःख आहे.

"सही तं माहीच आहे ना, बाई," ते म्हणाले.